सार्वजनिक ग्रंथालयांचे सांस्कृतिक उपक्रम (महाराष्ट्र)

महाराष्ट्रातील सार्वजनिक ग्रंथालये पुस्तकांच्या देवघेवीखेरीज जे लोकांसाठी खुले कार्यक्रम चालवतात, त्यांना एकत्रितपणे ग्रंथालयांचे सांस्कृतिक उपक्रम म्हटले जाते. व्याख्यानमाला, ग्रंथप्रदर्शने, दिवाळी अंक योजना, अभिवाचन, बालवाचकांची शिबिरे, लेखक-वाचक भेट, वक्तृत्व व पुस्तक परीक्षण स्पर्धा, ग्रंथदिंडी हे त्यांतील ठळक प्रकार होत. ग्रंथालयशास्त्रात या कामाला 'विस्तारसेवा' अशी संज्ञा आहे. ग्रंथालयात न येणाऱ्या माणसापर्यंत ग्रंथालयाने जावे, हा तिच्यामागील विचार आहे.

महाराष्ट्रात या उपक्रमांना एक वेगळे स्थान आहे. येथील बहुसंख्य सार्वजनिक ग्रंथालये शासनाची कार्यालये नाहीत. ती सभासदांनी स्थापन केलेल्या आणि त्यांनीच निवडलेल्या कार्यकारी मंडळाकडून चालणाऱ्या नोंदणीकृत संस्था आहेत. शासन त्यांना मान्यता व अनुदान देते, परंतु वर्षभरात कोणते कार्यक्रम घ्यावयाचे, वक्ता कोण बोलवावयाचा आणि खर्च कोठून उभा करावयाचा, हे संस्था ठरवते. त्यामुळे ग्रंथालयाचे कार्यक्रम हे त्या गावाच्या सार्वजनिक जीवनाचे बऱ्यापैकी विश्वसनीय चित्र असते.

पार्श्वभूमी

आजच्या महाराष्ट्राच्या प्रदेशात सार्वजनिक ग्रंथालये एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात सुरू झाली. रत्नागिरी (१८२८), अहमदनगर (१८३८), नाशिक (१८४०), पुणे (१८४८) आणि कोल्हापूर (१८५०) येथील ग्रंथालये त्यांतील जुनी आहेत. प्रारंभी यांपैकी अनेक संस्था 'नेटिव्ह जनरल लायब्ररी' या नावाने ओळखल्या जात. इंग्रज अधिकारी, सरकारी नोकर, वकील आणि शिक्षक हा त्यांचा मुख्य आश्रयदाता वर्ग होता. पुण्याच्या ग्रंथालयाच्या स्थापनेत लोकहितवादी गोपाळ हरी देशमुख यांचा पुढाकार होता.

या ग्रंथालयांत वृत्तपत्रे येत, आणि एकाने वृत्तपत्र मोठ्याने वाचून इतरांनी ऐकण्याची पद्धत त्या काळी रूढ होती. वाचन, त्यावरची चर्चा आणि चर्चेतून सभा, असा हा क्रम होता. वर्गणी भरण्याची ऐपत, जात आणि लिंग यांच्या मर्यादा मात्र दीर्घकाळ टिकून राहिल्या. 'सार्वजनिक' हा शब्द संस्थेच्या नावात जितक्या लवकर आला, तितक्या लवकर तो दारापर्यंत पोहोचला नाही.

महादेव गोविंद रानडे यांच्या पुढाकाराने १८७५ मध्ये पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू झाली. ती ग्रंथालयाची नव्हती, परंतु उन्हाळ्याच्या सुटीत ठराविक दिवस रोज एक वक्ता, एक विषय आणि सर्वांना मुक्त प्रवेश हा तिचा साचा पुढे गावोगावच्या संस्थांनी उचलला. आज अनेक तालुक्यांत 'व्याख्यानमाला' म्हणताच जी कल्पना डोळ्यांसमोर येते, ती याच परंपरेतील आहे.

बडोद्याचा प्रयोग

ग्रंथालयाने कार्यक्रमांच्या द्वारे निरक्षरांपर्यंतही जावे, हा विचार भारतात सर्वप्रथम मोठ्या प्रमाणावर अमलात आणण्याचे श्रेय बडोदा संस्थानाकडे जाते. महाराज सयाजीराव गायकवाड (तिसरे) यांनी १९१० मध्ये अमेरिकन ग्रंथपाल विल्यम ॲलन्सन बॉर्डन यांना पाचारण केले आणि संस्थानात मोफत ग्रंथालयांचे जाळे उभारण्यास प्रारंभ केला. मध्यवर्ती ग्रंथालयात मुलांसाठी स्वतंत्र विभाग होता. गावांसाठी लाकडी पेट्यांतून फिरती ग्रंथालये पाठवली जात.

याच खात्याची दृक्‌शिक्षणाची एक शाखा होती. ती गावोगावी जाऊन चलच्चित्रांचे आणि जादूच्या कंदिलाचे खेळ विनामूल्य दाखवीत असे. वाचता न येणारा प्रजाजनही ग्रंथालयाचा लाभार्थी आहे, ही भूमिका त्या काळात असामान्य होती. बॉर्डन १९१३ मध्ये मायदेशी परतल्यावर जनार्दन सखाराम कुडाळकर यांनी हे काम पुढे नेले. मात्र बडोद्याची व्यवस्था संस्थानाच्या खजिन्यावर उभी होती. मुंबई इलाख्यातील ग्रंथालये वर्गणी व देणग्यांवर चालत. हा फरक नंतरच्या काळातही महाराष्ट्राच्या ग्रंथालयांना चिकटून राहिला.

मराठवाडा व सभाबंदीचा काळ

निजामाच्या हैदराबाद संस्थानात 'गश्ती क्रमांक ५३' या परिपत्रकाने पूर्वपरवानगीशिवाय सार्वजनिक सभा घेण्यास बंदी होती. अशा परिस्थितीत ग्रंथालये, व्यायामशाळा, गणेशोत्सव आणि साहित्यविषयक मेळावे ही लोकजागृतीची साधने ठरली. परभणीच्या गणेश वाचनालयासारख्या संस्था आणि हैदराबाद शहरातील मराठी ग्रंथ संग्रहालय (१९२२) यांचे महत्त्व केवळ ग्रंथसंख्येने मोजता येत नाही. मराठी शाळा अपुऱ्या आणि राज्यकारभाराची भाषा उर्दू असताना, मराठीत चार माणसे जमून बोलण्याची ती जागा होती. मराठवाड्यातील जुन्या ग्रंथालयांच्या कार्यक्रमांत १७ सप्टेंबर हा मुक्तिसंग्राम दिन आजही विशेष महत्त्वाचा असतो.

कायदा आणि अनुदान

मुंबई प्रांतात आसफ अली असगर फैजी यांच्या अध्यक्षतेखाली १९३९ मध्ये नेमलेल्या समितीने गावापासून प्रांतापर्यंत ग्रंथालयांची साखळी उभारण्याची शिफारस केली. राज्यनिर्मितीनंतर महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम, १९६७ संमत झाला आणि १९६८ मध्ये ग्रंथालय संचालनालय अस्तित्वात आले. काही राज्यांप्रमाणे ग्रंथालय उपकर लावण्याची तरतूद महाराष्ट्राच्या कायद्यात नाही. ग्रंथालयांना राज्याच्या अर्थसंकल्पातून परिरक्षण अनुदान मिळते.

मान्यताप्राप्त ग्रंथालयांची 'अ', 'ब', 'क' आणि 'ड' अशा वर्गांत विभागणी केली जाते. ग्रंथ व नियतकालिकांची संख्या, वाचक सभासद, उघडे राहण्याचे तास, सेवक आणि जागा या गोष्टींवर वर्ग ठरतो. वरच्या वर्गातील ग्रंथालयांकडून बालविभाग, महिला विभाग आणि साहित्यविषयक कार्यक्रम यांचीही अपेक्षा असते. तथापि दाखलनोंद पुस्तकातील आकडा तपासणे सोपे आणि कार्यक्रमाचा दर्जा तपासणे अवघड असल्याने तपासणीचा भर स्वाभाविकपणे पहिल्यावर राहतो. अनुदानाचा मोठा भाग सेवकांचे वेतन व ग्रंथखरेदी यांत जातो. दशकभर न बदललेल्या या अनुदानात २०२२ मध्ये ६० टक्के वाढ जाहीर झाली. राज्यात अशा मान्यताप्राप्त ग्रंथालयांची संख्या सुमारे ११ ते १२ हजार असून त्यांत लहान, ग्रामीण ग्रंथालयांचा भरणा मोठा आहे.

केंद्र शासनाच्या राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठानाकडून (स्थापना १९७२, कोलकाता) चर्चासत्रे, ग्रंथप्रदर्शने, बालविभाग आणि संस्थांचे शतक महोत्सव यांसाठी अर्थसाहाय्याच्या योजना राबवल्या जातात. त्यांचा लाभ प्रामुख्याने कागदपत्रे सांभाळू शकणाऱ्या मोठ्या संस्थांना घेता येतो.

उपक्रमांचे स्वरूप

व्याख्यानमाला हा सर्वांत जुना आणि अजूनही सर्वाधिक प्रतिष्ठेचा उपक्रम आहे. तिच्यातील प्रत्येक व्याख्यानाला 'पुष्प' म्हणतात आणि वक्ता ते 'गुंफतो'. ही भाषा निमंत्रणपत्रिकांपासून वृत्तपत्रांतील बातम्यांपर्यंत सर्वत्र आढळते. बहुतेक ठिकाणी एकेक पुष्प एखाद्या दिवंगत व्यक्तीच्या स्मरणार्थ असते. कुटुंबीयांनी संस्थेकडे ठेव दिलेली असते आणि तिच्या व्याजातून वक्त्याचे मानधन, प्रवासखर्च व सभागृहाचा खर्च भागवला जातो. गावातील शिक्षक, डॉक्टर, व्यापारी यांची नावे अशा रीतीने पिढ्यानुपिढ्या पत्रिकेवर येत राहतात. ही व्यवस्था स्वावलंबी आहे, परंतु ठेवीची रक्कम ठेवली त्या वर्षीच्या किमतीत अडकून पडते. चाळीस वर्षांपूर्वी तीन दिवसांच्या व्याख्यानमालेला पुरणारे व्याज पुढे एका वक्त्याच्या प्रवासालाही पुरत नाही. मग संस्थेला पुष्पे कमी करावी लागतात, किंवा दोन स्मृती एका पुष्पात जोडाव्या लागतात.

वाई येथील लोकमान्य टिळक स्मारक संस्थेची वसंत व्याख्यानमाला आणि बेळगावच्या सार्वजनिक वाचनालयाची बॅ. नाथ पै व्याख्यानमाला या दीर्घकाळ चाललेल्या मालांची उदाहरणे आहेत.

दिवाळी अंक योजना ही खास मराठी गोष्ट आहे. काशिनाथ रघुनाथ आजगावकर यांच्या 'मनोरंजन' मासिकाने १९०९ मध्ये दिवाळी अंक काढल्यापासून ही परंपरा वाढत गेली. सर्व अंक विकत घेणे एका कुटुंबाला शक्य नसल्याने ग्रंथालये दिवाळीपूर्वी वेगळी वर्गणी घेऊन सभासदांना पुढील काही महिने आलटून पालटून अंक देतात. अनेक ठिकाणी योजनेच्या आरंभी अंकांचे प्रदर्शन भरवले जाते आणि त्याच्या उद्घाटनाला एखादा संपादक किंवा लेखक येतो. एरवी ग्रंथालयात न फिरकणारी माणसे या काळात येतात, म्हणून नवे सभासद मिळवण्याच्या दृष्टीने हाच हंगाम महत्त्वाचा मानला जातो.

मुलांसाठीचे कार्यक्रम मुख्यतः मे महिन्यात होतात. गोष्ट सांगणे, हस्ताक्षर, चित्रकला, नाट्यवाचन आणि वाचलेल्या पुस्तकावर चार वाक्ये बोलणे असे त्यांचे स्वरूप असते. साने गुरुजींच्या निधनानंतर त्यांच्या नावाने सुरू झालेल्या कथामालेने गोष्ट सांगण्याच्या कार्यक्रमाला राज्यभर एक घाट दिला. ग्रंथालयांच्या बालविभागांवर तिचा प्रभाव दिसतो.

महिला विभागांच्या कार्यक्रमांत मकरसंक्रांतीच्या हळदी-कुंकवाला पुस्तकाचे वाण देण्याची पद्धत बऱ्याच ठिकाणी आढळते. डबा-वाटीऐवजी कथासंग्रह हातात पडतो आणि त्यातून पुढे भिशीच्या धर्तीवर महिन्यातून एकदा जमणारे वाचक गट तयार होतात. विधवांना हळदी-कुंकवात स्थान नसल्याची रूढी मोडण्यासाठी काही संस्थांनी हा कार्यक्रम 'तिळगूळ समारंभ' किंवा 'वाचक मेळावा' या नावाने घेण्यास सुरुवात केली.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या जयंतीनिमित्त सलग १८ तास वाचन किंवा अभ्यास करण्याचा उपक्रम महाविद्यालयांबरोबरच सार्वजनिक ग्रंथालयांतही होतो. विद्यार्थी पहाटे येऊन बसतात आणि रात्रीपर्यंत पाळीपाळीने किंवा सलग वाचत राहतात. व्यासपीठ, हार आणि आभारप्रदर्शन यांवाचून होणारा हा बहुधा एकमेव मोठा कार्यक्रम असावा. वस्त्यांमधील आणि बुद्धविहारांना जोडून चालणाऱ्या लहान वाचनालयांत त्याला विशेष प्रतिसाद मिळतो.

याखेरीज वर्षाचे काही दिवस ठरलेले आहेत. कुसुमाग्रजांच्या जन्मदिनी, २७ फेब्रुवारीस, मराठी भाषा गौरव दिन. २३ एप्रिलला जागतिक पुस्तक दिन. १२ ऑगस्टला डॉ. शि. रा. रंगनाथन यांच्या जयंतीनिमित्त ग्रंथपाल दिन, डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांच्या जयंतीला, १५ ऑक्टोबरला, २०१५ पासून वाचन प्रेरणा दिन. आणि १४ ते २० नोव्हेंबर या काळात राष्ट्रीय ग्रंथालय सप्ताह. यांतील काही कार्यक्रम शासनाच्या परिपत्रकानुसार घ्यावयाचे असल्याने ते प्रतिमापूजन, छायाचित्र आणि अहवाल एवढ्यावर आटोपण्याचा धोका असतो. जेथे ग्रंथपाल उत्साही आहे, तेथे हेच दिवस वर्षातील सर्वांत गजबजलेले ठरतात.

ग्रंथोत्सव आणि ग्रंथदिंडी

ग्रंथालय संचालनालयाच्या वतीने जिल्हा ग्रंथालय अधिकारी कार्यालये दरवर्षी जिल्हास्तरावर ग्रंथोत्सव भरवतात. साधारणतः दोन दिवसांच्या या कार्यक्रमात ग्रंथविक्रीची दालने, परिसंवाद, कविसंमेलन आणि ग्रंथालय कार्यकर्त्यांचे चर्चासत्र असते. उत्सवाचा प्रारंभ ग्रंथदिंडीने होतो. पालखीत ज्ञानेश्वरी, तुकारामांची गाथा, भारताचे संविधान असे ग्रंथ ठेवून टाळ-मृदंगाच्या गजरात आणि लेझीम पथकांसह मिरवणूक निघते. दिंडीची ही कल्पना वारकरी परंपरेतून घेतली आहे. ज्या समाजात ग्रंथाची पालखी पूर्वापार निघते, तेथे तिचा अर्थ कोणाला समजावून सांगावा लागत नाही.

सातारा जिल्ह्यातील भिलार हे 'पुस्तकांचे गाव' ४ मे २०१७ रोजी सुरू झाले. घरे, शाळा, मंदिरे व निवासस्थाने मिळून २५ ठिकाणी पुस्तके ठेवून वाचनासाठी खुली करण्यात आली. हा शासकीय उपक्रम रूढ अर्थाने सार्वजनिक ग्रंथालय नसला तरी ग्रंथालय भिंतीबाहेर नेण्याच्या प्रयत्नांत त्याची गणना होते. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानाची 'ग्रंथ तुमच्या दारी' ही २००९ पासूनची योजनाही याच प्रकारची आहे. प्रत्येकी १०० पुस्तकांची एक पेटी एखाद्या वाचक गटाकडे ठेवली जाते आणि काही महिन्यांनी गटागटांत पेट्यांची अदलाबदल होते. दुबईसह परदेशांतील मराठी वाचकांपर्यंत या पेट्या पोहोचल्या आहेत. बडोद्याच्या लाकडी पेट्यांशी तिचे साम्य सहज लक्षात येते.

काही ग्रंथालये

नाशिकचे सार्वजनिक वाचनालय 'सावाना' या नावाने ओळखले जाते. परशुराम साईखेडकर नाट्यगृह ही या संस्थेचीच वास्तू असून तिच्याकडे वस्तुसंग्रहालयही आहे. कुसुमाग्रजांचा या संस्थेशी निकटचा संबंध होता. जिल्हा साहित्यिक मेळावा हा तिचा जुना उपक्रम आहे. संस्थेच्या कार्यकारी मंडळाची निवडणूक शहरात चुरशीने, पॅनेल करून लढवली जाते. ग्रंथालयाच्या निवडणुकीची चर्चा चहाच्या टपरीवर व्हावी, हे इतरत्र दुर्मीळ आहे.

चिपळूणचे लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर १८६४ मध्ये स्थापन झाले. जानेवारी २०१३ मध्ये चिपळूण येथे झालेल्या ८६ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे यजमानपद या वाचनालयाकडे होते. नागनाथ कोत्तापल्ले संमेलनाध्यक्ष होते. तालुक्याच्या गावातील ग्रंथालयाने एवढे मोठे संमेलन पेलणे हे संस्थेच्या कार्यकर्त्यांच्या जाळ्याचे द्योतक मानले गेले. वाशिष्ठी नदीच्या पुरात या वाचनालयाचे २६ जुलै २००५ आणि २२ जुलै २०२१ रोजी दोनदा मोठे नुकसान झाले. कृष्णेच्या २०१९ च्या महापुरात सांगली नगर वाचनालयावरही तसाच प्रसंग ओढवला. अशा वेळी वर्षानुवर्षे कार्यक्रमांना येणारे लेखक, प्रकाशक आणि श्रोते हेच संस्थेचे पहिले मदतनीस ठरतात.

बेळगावचे सार्वजनिक वाचनालय (१८४८) १९५६ च्या राज्य पुनर्रचनेनंतर महाराष्ट्राबाहेर राहिले. सीमाभागातील मराठी भाषकांच्या दृष्टीने तेथील व्याख्याने व स्पर्धा हा मराठीच्या सार्वजनिक वापराचा प्रश्न आहे. गोव्यात मडगावच्या गोमंत विद्या निकेतनाने (१९११) पोर्तुगीज राजवटीत मराठी वाचन आणि व्याख्यानांची परंपरा राखली. पणजीच्या कृष्णदास शामा गोवा राज्य मध्यवर्ती ग्रंथालयाचा उगम १८३२ मध्ये असून २०१२ पासून ते पाटो येथील नव्या इमारतीत आहे. तेथे मुलांसाठी स्वतंत्र दालन आणि कलादालनही आहे. मुंबईत डेव्हिड ससून ग्रंथालयाच्या बागेत काळा घोडा कला महोत्सवातील साहित्यविषयक कार्यक्रम होतात.

पुरस्कार

राज्य शासनातर्फे उत्कृष्ट कार्य करणाऱ्या ग्रंथालयांना डॉ. बाबासाहेब आंबेडकर उत्कृष्ट सार्वजनिक ग्रंथालय पुरस्कार, तर कार्यकर्ते व सेवक यांना डॉ. एस. आर. रंगनाथन यांच्या नावाचे पुरस्कार दिले जातात. ग्रंथालये स्वतःही वर्षअखेरीस उत्कृष्ट वाचक, उत्कृष्ट महिला वाचक आणि उत्कृष्ट बालवाचक निवडून त्यांचा सत्कार करतात. किती पुस्तके नेली याच्या नोंदीवरून ही निवड होते, त्यामुळे ती वादातीत असते. नेलेली पुस्तके वाचली का, हा प्रश्न सौजन्याने टाळला जातो.

अडचणी आणि बदलते स्वरूप

कार्यक्रमांचा भार मुख्यतः ग्रंथपाल आणि तीन-चार मानसेवी कार्यकर्ते यांच्यावर असतो. 'ड' वर्गाच्या ग्रामीण ग्रंथालयात बहुधा एकच सेवक असतो. देवघेव, दाखलनोंद, वार्षिक अहवाल सांभाळून खुर्च्या मांडण्यापासून वक्त्याला बसस्थानकावरून आणण्यापर्यंत सर्व कामे त्यालाच करावी लागतात. सेवकांना शासकीय वेतनश्रेणी नसल्याने वेतनाची मागणी ग्रंथालय संघांच्या अधिवेशनांत वारंवार मांडली गेली आहे.

श्रोत्यांचे वय हा दुसरा प्रश्न आहे. व्याख्यानमालांना येणारा वर्ग मुख्यतः निवृत्तांचा आहे. याउलट ग्रंथालयाच्या अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या तरुणांना जागा अपुरी पडते. अभ्यासिकेच्या शुल्कातून उत्पन्न मिळते, म्हणून काही संस्थांनी सभागृह किंवा बालविभागाची जागा अभ्यासिकेला दिली. त्यामुळे कार्यक्रमांना जागा उरत नाही आणि अभ्यासिकेतील मुले ग्रंथसंग्रहाकडे सहसा वळत नाहीत. काही ठिकाणी याच विद्यार्थ्यांना कार्यक्रमांच्या आयोजनात घेऊन, निवड झालेल्या माजी विद्यार्थ्यांची व्याख्याने ठेवून हा दुरावा कमी करण्याचा प्रयत्न झाला आहे.

मार्च २०२० मध्ये कोरोनाच्या टाळेबंदीमुळे ग्रंथालये बंद झाली आणि ऑक्टोबर २०२० च्या मध्यास त्यांना पुन्हा उघडण्याची परवानगी मिळाली. या काळात अनेक व्याख्यानमाला फेसबुक व यूट्यूबवरून झाल्या. गावाबाहेर, परदेशात गेलेले जुने सभासद त्यांना आवर्जून हजर राहिले. परंतु सभागृहात व्याख्यानानंतर जी मंडळी वक्त्याभोवती उभी राहून वाद घालतात, त्यांना पडद्यावर जागा नव्हती. निर्बंध उठल्यावर बहुतेक संस्थांनी व्याख्याने सभागृहात परत आणली आणि ज्यांना जमले त्यांनी प्रक्षेपणही सोबत चालू ठेवले.